कवळी आणि कारागिराचे हात

दंतवैद्यकातील द्रव्यांपासून उद्भवणाऱ्या ॲलर्जीचा इतिहास बहुधा रुग्णाच्या मुखावरून सांगितला जातो. वस्तुतः तो कारागिराच्या बोटांवरून सांगावयास हवा. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजिली. परंतु त्यापूर्वीच, १८९५ मध्ये, याडासोन यांनी त्वचेवर पट्टी लावून करावयाची परीक्षा मांडली होती. ती पाऱ्याच्या संयुगांसंबंधी होती, आणि दातांत भरावयाच्या मिश्रणाचाही पारा हाच प्रमुख घटक, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढे बधिरीकरणासाठी प्रोकेन रूढ झाले, तेव्हा ते नित्य हाताळणाऱ्या दंतवैद्यांच्याच बोटांवर इसब दिसू लागला.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, त्या काळी कवळ्या हिंगुळाने रंगविलेल्या कठीण रबराच्या असत. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आले, आणि महायुद्धात रबराची टंचाई झाल्यावर त्याने रबराला मागे सारले. नव्या पद्धतीत भुकटी व द्रव कालवून त्यांचा गोळा साच्यात दाबावा लागे व उष्णतेने पक्का करावा लागे. गोळा भरण्याजोगा झाला की नाही, हे तो बोटांना चिकटतो काय यावरूनच कारागीर ओळखीत. त्यातील द्रव, म्हणजे मिथिल मेथॅक्रिलेट, त्वचेतील स्निग्धांश विरघळवितो व पातळ रबरी मोज्यांतूनही पार होतो. नीट पक्क्या झालेल्या कवळीत मात्र तो अत्यल्प उरतो. शिवाय लाळ मुखातील द्रव्ये सतत धुऊन नेते. म्हणून कवळी वापरणारा बहुधा सुखरूप राहतो आणि ती घडविणाऱ्याच्या बोटांना भेगा पडतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अलेक्झांडर फिशर यांनी १९५४ मध्ये या प्रश्नाचा विचार त्वचा व मुख अशा दोन्ही अंगांनी केला. कवळी ‘सोसत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा सैल बसणीत अथवा बुरशीत असते.

भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्यांबरोबर कवळ्या घडविणाऱ्या यांत्रिकांच्याही नोंदवहीची तरतूद केली. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने व्यवसायजन्य रोगांस भरपाई देऊ केली. परंतु यंत्रशक्तीवर चालणारा, किमान २० माणसांचा कारखाना असेल तरच. कुर्ला १९५० मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. तेथील स्वदेशी गिरणीचा कामगार या व्याख्येत बसे. त्याच वस्तीत दोघातिघांनी कवळ्यांचे काम थाटले असते, तर ते बसले नसते. १९८९ च्या दुरुस्तीने ही संख्या १० वर आणली. दोघातिघांची कार्यशाळा तरीही बाहेरच राहिली.