कलम ८७ मध्ये मालक कुठे आहे? : कॅनडाच्या प्रांतिक नामांकनावर भाष्य

प्रास्ताविक

‘कंपनीच पीआर (कायम रहिवास) करून देणार आहे,’ असे कॅनडाला निघालेल्या मुलांबद्दल आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. या विधानाला कायद्यात आधार आहे का, हे पाहायचे तर कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतले कलम ८७ वाचावे लागते. ‘प्रांतिक नामांकित वर्ग’ कायद्यात उभा आहे तो या कलमावर. नियमावली २००२ पासून लागू आहे. योजना तिच्याहून थोडी जुनी असून १९९८ मध्ये तिची सुरुवात मॅनिटोबातून झाली.

खाली प्रत्येक पोटकलमाचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे, तो शब्दशः अनुवाद नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला आहे : यात निर्णय घेणारा कोण, आणि जबाबदारी कोणाची? प्रांताचे नियम सांगताना ऑन्टारिओचे उदाहरण घेतले आहे. त्या नियमांतल्या अटी व आकडे २०२५ मधले आहेत. ते वरचेवर बदलतात.

पोटकलम १

आशय : प्रांतिक नामांकित हा एक वर्ग आहे. कॅनडात आर्थिकदृष्ट्या स्थिरावण्याच्या क्षमतेच्या आधारे या वर्गातील व्यक्ती कायम रहिवासी होऊ शकतात.

भाष्य : यात दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, ‘होऊ शकतात’. वर्गात बसणे म्हणजे पीआर मिळणे नव्हे. वैद्यकीय तपासणी, गुन्हेगारी पार्श्वभूमी, सुरक्षा या चाळण्या पुढे उभ्याच असतात. दुसरी, क्षमता तपासायची ती ‘कॅनडात’ स्थिरावण्याची. अमुक कंपनीत टिकण्याची नव्हे.

प्रांतांचा हा अधिकार आला कुठून? १८६७ च्या संविधान कायद्याच्या कलम ९५ ने इमिग्रेशन हा विषय शेतीसोबत केंद्र आणि प्रांत या दोघांच्याही हाती दिला. मात्र प्रांताचा कायदा केंद्राच्या कायद्याला छेद देऊ शकत नाही. म्हणून प्रांत माणूस सुचवतो आणि कायम रहिवास केंद्र देते. क्वेबेकची वाट वेगळी. १९९१ च्या करारानुसार तो प्रांत आपले आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतो, त्यामुळे या योजनेत तो नाही. नुनावुत हा प्रदेशही नाही.

शंका : पत्नीला बोलावणारा पती ‘स्पॉन्सर’ असतो, तसाच मालकही स्पॉन्सर नव्हे का?
समाधान : नव्हे. पती सरकारला लेखी हमी देतो. पीआर मिळाल्यापासून तीन वर्षे पत्नीच्या मूलभूत गरजांची जबाबदारी त्याच्यावर राहते. तिने सरकारी मदत घेतली तर ती त्याच्याकडून वसूल होऊ शकते. मालक अशी कोणतीही हमी देत नाही. या वाक्यात तो मुळी आलेलाच नाही.

पोटकलम २, खंड अ

आशय : केंद्राचे इमिग्रेशन मंत्री आणि प्रांत यांच्यातील करारानुसार प्रांत सरकारने दिलेल्या नामांकन-प्रमाणपत्रात त्या व्यक्तीचे नाव असले पाहिजे.

भाष्य : सगळी योजना या एका वाक्यावर चालते. करार मंत्री आणि प्रांताचा, प्रमाणपत्र प्रांत सरकारचे, नाव परदेशी व्यक्तीचे. मालक इथेही नाही. पण प्रमाणपत्र कोणाला द्यायचे हे प्रांतावर सोपवल्यामुळे मालकाला दार उघडते ते इथेच.

ऑन्टारिओने २०१५ च्या आपल्या इमिग्रेशन कायद्याखाली या कामाचे दोन भाग केले. मालक अर्ज करतो तो ‘पदाला’ मंजुरी मिळावी म्हणून. उमेदवार अर्ज करतो तो नामांकन मिळावे म्हणून. मालक माणसाची शिफारस करतो असे वरवर दिसते, प्रत्यक्षात त्याला सिद्ध करावी लागते ती आपल्याकडची नोकरी. धंदा किमान तीन वर्षे चालू हवा. टोरोंटो महानगर परिसरात वर्षाची उलाढाल किमान १० लाख डॉलर आणि नागरिक किंवा कायम रहिवासी असलेले किमान पाच पूर्णवेळ कर्मचारी हवेत. परिसराबाहेर ५ लाख डॉलर आणि तीन कर्मचारी पुरतात. नोकरी पूर्णवेळ आणि कायमस्वरूपी हवी. परदेशी कामगारांसाठीच्या प्रवाहात (उपयोजनेत) पगार त्या भागातल्या त्या व्यवसायाच्या मध्यम पगाराइतका किंवा त्याहून जास्त असावा लागतो. काही उमेदवारांच्या बाबतीत स्थानिक माणूस शोधल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

या अटींमागचा हेतू सरळ आहे : कागदावरची कंपनी गळावी आणि स्वस्त मजूर मिळवण्यासाठी योजना वापरली जाऊ नये. जुलै २०२५ पासून ऑन्टारिओने मालकांसाठी वेगळे पोर्टल उघडले आणि प्रक्रियेची सुरुवातच मालकाच्या हाती दिली. नोकरीच्या ऑफरवर चालणाऱ्या प्रवाहांत आता उमेदवार कितीही लायक असो, मालकाने पहिले पाऊल टाकल्याशिवाय त्याचे नाव पुढे सरकत नाही.

पूर्वपक्ष : मग देणारा मालकच झाला की!
उत्तरपक्ष : नाही. सुरुवात करणे आणि निर्णय घेणे ही वेगळी कामे आहेत. दर वर्षी किती नामांकने द्यायची ते केंद्र ठरवते. ऑन्टारिओला २०२४ मध्ये २१,५०० जागा होत्या, २०२५ मध्ये १०,७५० उरल्या. मालक तोच, नोकरी तीच, उमेदवारही तोच. केंद्राने कोटा निम्मा केला आणि रांग लांबली. देशभरात या वर्गातून होणाऱ्या प्रवेशांचे लक्ष्यही २०२४ मधल्या १,१०,००० वरून २०२५ साठी ५५,००० वर आणले गेले. या कपातीपुढे कोणत्याही मालकाचा शब्द चालला नाही.

मालकाच्या पत्राची किंमत मात्र वाढली. एक्सप्रेस एन्ट्री या केंद्राच्या गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीत नुसत्या जॉब ऑफरला ५० किंवा २०० गुण मिळत. ऑफर विकत घेण्याचे प्रकार वाढल्याने २५ मार्च २०२५ पासून ते गुण बंद झाले. प्रांताच्या नामांकनाचे ६०० गुण कायम राहिले. म्हणजे ऑफरला थेट मोल उरले नाही, पण ऑफरच्या आधारे नामांकन मिळाले तर बहुतेक वेळा काम फत्ते. सौदेबाजी बंद पडली नाही, तिने जागा बदलली.

या खंडाचा आणखी एक परिणाम वाक्यात दिसत नाही. प्रमाणपत्र हाती आल्यावरही नोकरी गेली, तर प्रांत नामांकन मागे घेऊ शकतो. प्रांताच्या पाठिंब्याने मिळणारे वर्क परमिट बहुधा त्याच मालकाशी बांधलेले असते. पीआरचा निकाल लागायला महिनोन्महिने जातात. एवढा काळ कामगार जादा तासांचे पैसे मागायलाही कचरतो. केंद्राने जून २०१९ पासून छळ होत असलेल्या, मालकाशी बांधलेल्या कामगारांना खुले वर्क परमिट देण्याची सोय केली. तिने माणूस त्या मालकापासून सुटतो. पण त्या नोकरीवर उभे असलेले नामांकन त्यामुळे आपोआप वाचत नाही.

पोटकलम २, खंड ब

आशय : ज्या प्रांताने नामांकन केले त्या प्रांतात राहण्याचा त्या व्यक्तीचा इरादा असला पाहिजे.

भाष्य : नियमाने मागितला आहे तो ‘इरादा’, वर्षांची मुदत नाही. कारण संविधानात आहे. हक्कांच्या सनदेचे कलम ६ नागरिकाला आणि कायम रहिवाशाला कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा व पोट भरण्याचा हक्क देते. पीआर मिळाल्यावर माणसाला एका प्रांतात खिळवून ठेवता येत नाही.

शंका : मग मॅनिटोबातून अर्ज करून टोरोंटोत उतरले तर बिघडले कुठे?
समाधान : इरादा अर्ज करताना आणि पीआर घेताना खरा हवा. तो खोटा होता असे सिद्ध झाले तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो आणि पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. पीआरनंतर परिस्थितीने प्रांत बदलावा लागणे ही गोष्ट निराळी.

हाच तर्क मालकालाही लागू पडतो. पीआर झाल्यावर कामगार त्याची नोकरी सोडू शकतो. ‘पीआरनंतर अमुक वर्षे इथेच काम करीन’ असे वेगळे कागद कोणी पुढे केले, तर त्यांना या कलमात कुठेही आधार नाही.

पोटकलम ३ आणि ४

आशय : प्रमाणपत्रात नाव असणे हा आर्थिक स्थैर्याचा पुरेसा पुरावा वाटला नाही, तर केंद्राचा अधिकारी प्रांताशी सल्लामसलत करून स्वतःचे मूल्यमापन करू शकतो. त्याला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते.

भाष्य : प्रमाणपत्र म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे इथे उघड होते. पण अधिकाऱ्याचे हातही मोकळे सोडलेले नाहीत. आधी प्रांताला विचारायचे, मग सहकाऱ्याची संमती घ्यायची. उमेदवारालाही सहसा आक्षेपाचे पत्र येते आणि उत्तर द्यायला संधी मिळते. मालकाला विचारण्याचे बंधन मात्र कोणावरच नाही. पहिले पाऊल ज्याच्या हाती, शेवटच्या निर्णयात त्याला आवाज नाही.

पोटकलम ५ आणि ६

आशय : भांडवल पुरवल्याच्या बदल्यात मिळालेले नामांकन चालत नाही, उद्योगात खरी मालकी आणि प्रांतात राहून प्रत्यक्ष कारभार असेल तर अपवाद.

भाष्य : गुंतवणुकीच्या आडून पीआर विकत घेता येतो हे नियमकर्त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी किमान एक तृतीयांश हिस्सा किंवा १० लाख डॉलरची गुंतवणूक अशा नेमक्या अटी लिहिल्या. नोकरीच्या आडून होणाऱ्या विक्रीबद्दल मात्र या कलमात असा बंदोबस्त नाही. तो इतरत्र विखुरलेला आहे. ऑन्टारिओच्या २००९ च्या परदेशी कामगार संरक्षण कायद्यानुसार भरती करणाऱ्याला कामगाराकडून शुल्क घेता येत नाही आणि मालकाला त्याचा पासपोर्ट ताब्यात ठेवता येत नाही. मॅनिटोबात परदेशी कामगार भरती करण्याआधी मालकाला नोंदणी करावी लागते. केंद्राने सप्टेंबर २०२२ पासून मालकांना भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला बंदी केली. पण हा नियम मालकाशी बांधलेल्या वर्क परमिटच्या तरतुदींत आहे, नामांकनाच्या कलमात नाही.

भारताच्या बाजूलाही एक फट आहे. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी हवी. पण उत्प्रवास तपासणी लागणाऱ्या १८ देशांत कॅनडा नाही. त्यामुळे तिकडच्या नोकरीचा करार निघण्यापूर्वी इथले सरकारी कार्यालय पाहत नाही.

निष्कर्ष

कलम ८७ चे हे सगळे वाचन एका निर्णयाकडे नेते : मालकाला या योजनेत मोठी सत्ता आहे, पण ती सत्ता मूळ कलमात लिहिलेली नाही, म्हणून तिची जबाबदारीही तिथे नाही. भांडवलाच्या व्यवहाराला जशी स्वतंत्र पोटकलमे आहेत, तशी नोकरीच्या व्यवहारालाही हवीत. ऑफरसाठी पैसे घेणाऱ्या मालकाला योजनेतून बाद करणारे आणि त्याच्या गुन्ह्यापायी कामगाराचे नामांकन बुडणार नाही अशी तरतूद करणारे पोटकलम केंद्राने घालावे.

तोवर वाचकाने एवढे करावे. मालकाची कंपनी आणि नोकरीचे ठिकाण स्वतः तपासावे. सल्लागार कॅनडातला वकील आहे की इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा (नियामक संस्थेचा) परवानाधारक, हे त्या संस्थांच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहावे. अधिकृत परवाना नसलेल्या कोणालाही पैसे घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार नाही. आणि ऑफरसाठी कोणी पैसे मागितले, मग तो मालक असो वा एजंट, तर बोलणी तिथेच थांबवावी.