स्मृती कुणाची, स्वर कुणाचा?

वस्तीत शाहिराच्या स्मृतिदिनी गाण्यांचा कार्यक्रम असला की वर्गणी कोणी गोळा केली आणि माइकपुढे कोण उभे राहिले, हे मी पाहतो. ही सवय मला तिरुवैयारूच्या इतिहासाने लावली.

संगीतकार त्यागराज १८४७ साली कावेरीकाठच्या या गावी वारले. तंजावरास तेव्हा भोसल्यांची गादी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या परंपरेतील मंडळी पुण्यतिथीचा संगीतोत्सव भरवू लागली. पुढे मंडळींत दोन तट पडले. पण एका गोष्टीवर दोन्ही तटांचे एकमत होते : बाईने येथे गायचे नाही.

बंगलोर नागरत्नम्मा देवदासी कुळातल्या नामांकित गायिका. समाधीची दुर्दशा कळताच त्यांनी आपली कमाई खर्चून तेथे मंदिर उभारले. १९२५ साली ते पुरे झाले. त्यांचा पैसा चालला. गळा तेवढा चालेना! नागरत्नम्मा गप्प बसल्या नाहीत. १९२७ पासून त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला. १९४० च्या सुमारास सारे तट एक झाले आणि सामायिक उत्सवात स्त्रियांचा स्वर लागला. १९५२ साली नागरत्नम्मा वारल्या.

देणगी घ्यायची आणि देणाराला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. मुरळीच्या गाण्यावर जत्रा रंगली, पण मुरळीला मान मिळाला नाही. म्हणून विचारतो : आपल्या कार्यक्रमासाठी दारोदार फिरून वर्गणी जमवणाऱ्या बायांना आपण माइक कधी देतो? की त्या फक्त सतरंज्याच अंथरतात?