न तोडलेले पंधरा एकर

वाचकहो, आपल्या काटोल-नरखेडकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "तुमच्या वावरात आधी काय होते?" तो सांगेल, "संत्र्याची बाग होती." त्याच्या आधी? "कपाशी, ज्वारी." आणि त्याहीआधी? मग मात्र तो धुऱ्यावरच्या पळसाकडे नि बोरीकडे पाहून गप्प बसेल. राजांच्या वंशावळी आपण शाळेत पाठ करतो. पण ज्या जमिनीवर उभे राहून पाठ करतो, तिची वंशावळ आपल्याला ठाऊक नसते.

ही वंशावळ वाचावी कशी? त्यासाठी कोठेतरी जमिनीचा एखादा तुकडा न तोडता, न पेरता राखावा लागतो. असा एक तुकडा आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडकडे जाताना हे रान लागते. 'आलापल्लीचे वनवैभव' असे त्याचे नाव. क्षेत्र अवघे 6 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ पंधरा एकर.

हा तुकडा राखण्याची गरज का पडली, ते पाहू. 1867 साली नागपूरला आगगाडी आली. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते, इमारतींना वासे हवे होते. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांना पक्के कुंपण मिळाले, ते मुख्यतः अशा लाकडासाठी. साग हे त्यातले मोलाचे झाड. त्याला मोकळीक मिळावी म्हणून भोवतालच्या वेली तोडायच्या, दुसरी झाडे विरळ करायची, अशी रीत पडली. आपण कपाशीतले तण काढतो, तसाच हा प्रकार. हळूहळू रानाचे वावर झाले! मग प्रश्न आला, की माणसाने निवड केली नाही, तर हे रान कसे वाढेल?

याचे उत्तर मिळावे म्हणून 1953 पासून हे पंधरा एकर नैसर्गिक स्थितीत राखले गेले. तेव्हा हा मुलूख चांदा जिल्ह्यात होता आणि राज्य होते जुने मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. 1956 साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, 1960 साली महाराष्ट्रात आलो, 1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. झाडे जागच्या जागी राहिली. पुढे 2014 मध्ये, 2002 च्या जैविक विविधता कायद्याखाली, या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले हे असे पहिलेच स्थळ.

शिक्षक मित्रांनो, अशा रानात शिकण्याजोगे काय असते, ते असे पाहा. सागाचे कोवळे पान चोळले की तळहात लाल होतो, हे मुलांना ठाऊक असते. पण साग हे उजेडाचे भुकेले झाड आहे, हे सहसा सांगितले जात नाही. थोरल्या झाडांच्या दाट सावलीत सागाचे रोप जोर धरत नाही. एखादे म्हातारे झाड कोसळले, की छताला भोक पडते, ऊन खाली येते आणि रोपांची शर्यत सुरू होते. त्यात साग जिंकतो की ऐन, बिजा की बांबू, हे वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्याशिवाय कळत नाही. पडलेले खोडसुद्धा तेथेच राहू द्यावे लागते. वाळवी, भुंगे आणि बुरशी त्याची माती करतात. ते खोड उचलून नेले, तर धड्यातले एक पानच फाटले म्हणायचे.

विलायतेतही याचे एक उदाहरण आहे. रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात 1882 साली सुमारे अर्धा एकर उभा गहू न कापता तसाच सोडून दिला. चारच वर्षांत गव्हाची काही खुरटी रोपे तेवढी उरली. पुढे त्यातल्या एका भागात उंच झाडांचे वन झाले. कोणी एक रोपही लावले नव्हते!

आता कोणी म्हणेल, "सगळेच रान असे बंद केले, तर गुरांनी खावे काय आणि चूल पेटवावी कशाने?" प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीचा माडिया माणूस मोह, तेंदू आणि बांबूवर जगत आला आहे. त्याला रानाबाहेर घालवणे म्हणजे संरक्षण नव्हे. म्हणूनच तुकडा लहान असावा. पंधरा एकर न तोडता राखायचे, ते बाकीचे हजारो एकर शहाणपणाने कसे वापरावे हे कळावे म्हणून. मापाची पायली एकच असते, पण सारे खळे तिनेच मोजतात.

काटोलच्या मास्तरांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या पडीत जागेतला एक गुंठा काट्यांनी कुंपून घ्या. काही लावू नका, पाणी घालू नका, गवत कापू नका. दर दसऱ्याला मुलांकडून तेथली झाडे-झुडपे मोजवून घ्या आणि वहीत तारीख घालून लिहा. वही मात्र जपा. बदली झाली, तर येणाऱ्या मास्तरांच्या हाती द्या. वीस वर्षांनी आपल्या वावरात आधी काय होते याचे थोडे तरी उत्तर त्या वहीत सापडेल.