कापडाचा तोटा कोणाच्या पदरी? सातारा-सांगलीची दीडशे वर्षे

१/१२
एखाद्या उद्योगाला परिस्थिती कितपत अनुकूल आहे हे तपासताना भांडवल, यंत्रे आणि बाजारपेठ यांचा विचार होतो. भारतीय कापड उद्योगाबाबत आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो : मंदी आली की तोटा कोणाच्या पदरी पडतो आणि ते कोण ठरवते? सातारा-सांगलीच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. #थ्रेड

२/१२
गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यात झाला. पुढे पुण्यात वकिली करणारे जोशी 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखले गेले. १८७० साली पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. १८७२ मध्ये त्यांनी खादी वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचे प्रतिनिधी म्हणून ते हातसुताच्या पोषाखातच गेले.

३/१२
काका व्रतावर थांबले नाहीत. देशी मालाची दुकाने पुणे, सातारा, मुंबई, नागपूर अशा ठिकाणी निघावीत म्हणून त्यांनी खटपट केली. ग्राहकाने निश्चय केला तर देशी कापड टिकेल, अशी त्यांची धारणा होती. गांधीजींच्या चरख्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीची ही गोष्ट.

४/१२
परंतु भावाची सूत्रे सरकारच्या हाती होती. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात उठवली. १८८२ मध्ये उरलेलीही गेली. तिजोरीला गरज पडली तेव्हा जकात परत आली खरी, पण लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह आड आला. १८९६ पासून आयात कापडावर ३.५ टक्के जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादन शुल्क बसले. हे शुल्क १९२५ च्या अखेरीपर्यंत टिकले.

५/१२
दरम्यान मुंबईत गिरण्या वाढत होत्या. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे कोकणाप्रमाणेच घाटावरूनही माणसे गिरणगावात येऊ लागली. तेव्हाचा सातारा जिल्हा विस्तीर्ण होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. माण, खटाव, खानापूर या दुष्काळी पट्ट्याला मुंबईच्या पगाराचा आधार होता.

६/१२
या पगारामागे 'बदली' पद्धत होती. कायम कामगार गैरहजर असेल तरच बदली कामगाराला त्या दिवसाचे काम मिळे. मागणी घटली की तो गावी परते आणि जिरायत शेतीवर दिवस काढी. म्हणजे गिरणीच्या मंदीचा एक भाग साताऱ्यातील एखादे शेतकरी कुटुंब सोसत असे. कोणत्याही ताळेबंदात हा खर्च दिसत नाही.

७/१२
स्वातंत्र्यानंतर नियम बदलले. हातमाग जगावा म्हणून काही वाण त्याच्यासाठी राखून ठेवले गेले आणि १९५६ नंतर गिरण्यांच्या मागांच्या वाढीला लगाम बसला. छोट्या यंत्रमागधारकांना मात्र उत्पादन शुल्कात सवलत होती. परिणाम अनपेक्षित झाला : हातमागासाठी मोकळी ठेवलेली जागा यंत्रमागाने व्यापली. सवलत टिकावी म्हणून एकाच छपराखालचे माग नातेवाइकांच्या नावांवर वाटले जाऊ लागले.

८/१२
शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्येच पहिला यंत्रमाग आणला होता. नव्या नियमांत इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव फोफावले. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील विटा हे यंत्रमागाचे केंद्र झाले. मुंबईच्या गिरण्यांकडे जुनी यंत्रे, महाग जागा आणि संघटित कामगार होते, तर या गावांत मजुरी स्वस्त होती.

९/१२
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, त्यामुळे सामंतांशी अधिकृत बोलणी अडली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाजारातली कापडाची गरज यंत्रमागांनी भागवली. सातारा-सांगलीची कितीतरी कुटुंबे पुन्हा गावच्या शेतीवर आली.

१०/१२
१९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना समान पातळीवर आणण्याची भाषा केली. मात्र तोवर उत्पादन लहान शेडमध्ये पोहोचले होते. तेथील 'खर्चीवाला' यंत्रमागधारक व्यापाऱ्याकडून सुताची बिमे घेतो, कापड विणून देतो आणि पिकावर, म्हणजे टाकलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी घेतो. सूत आणि कापड दोन्ही व्यापाऱ्याचे. माग, वीजबिल आणि रिकामे दिवस मात्र त्याचे स्वतःचे.

११/१२
त्यामुळेच येथे वीजदराची सवलत हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने कापडावर ५ टक्के कर आला, तर कृत्रिम धाग्यावरचा दर त्याहून अधिक होता. धाग्यावर भरलेल्या जादा कराचा परतावा विणकराला सुरुवातीला मिळत नव्हता. २०१८ च्या ऑगस्टपासून तो मार्ग खुला झाला. मोठ्या कंपनीसाठी वर्षभराचा विलंब हा हिशेबाचा भाग असतो, आठ मागांच्या मालकासाठी ते अडकलेले खेळते भांडवल असते.

१२/१२
सार्वजनिक काकांची तळमळ खरी होती, पण ग्राहकाचा निश्चय जकातीच्या एका आदेशापुढे तोकडा पडला. पुढच्या सरकारांचे हेतू वेगळे होते. तरीही मंदीचा भार प्रत्येक वेळी साखळीतल्या सर्वांत लहान दुव्यावर आला : आधी बदली कामगारावर, मग खर्चीवाल्यावर आणि त्याच्या मागावर काम करणाऱ्या मजुरावर. वस्त्रोद्योगाचे पुढचे कोणतेही धोरण वाचताना अनुदानाच्या आकड्याआधी एक गोष्ट पाहावी : माग बंद पडलेल्या दिवसाचा खर्च त्यात कोणाच्या नावे लिहिला आहे?