जीज बेंडची घरं

अमेरिकेच्या दक्षिणेत जुनी घरं बघायला निघालं, की आपल्याला पांढऱ्या उंच खांबांचे वाडे दाखवतात. अलाबामाच्या विल्कॉक्स काउंटीतही, कॅम्डेन गावात, जुन्या श्रीमंतांची घरं आहेत. पण या काउंटीचा इतिहास कळायला नदीपलीकडच्या जीज बेंड वस्तीतली साधी लाकडी घरं बघावी लागतात.

१८६० साली इथली सुमारे ७० टक्के माणसं गुलाम होती. त्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी होती. तीत मालकाचं नाव असे. गुलामाचं मात्र फक्त वय, लिंग आणि रंग. एका रकान्यात गुलामांच्या घरांची संख्या. या माणसांची नावं नोंदली गेली ती १८७०च्या जनगणनेत. जीज बेंडमध्ये अनेकांचं आडनाव पेटवे, म्हणजे जुन्या मालकाचंच.

गुलामी संपली, पण जमीन मिळाली नाही. लोक तिथंच कुळं म्हणून कापूस पिकवत राहिले. १९३२च्या सुमारास त्यांना उधारी देणारा व्यापारी वारला आणि वसुलीसाठी त्यांची गुरं, अवजारं, धान्य सगळं उचलून नेलं गेलं. १९३७ साली आर्थर रोथस्टीन यांनी काढलेल्या छायाचित्रांत मातीनं लिंपलेल्या ओंडक्यांच्या झोपड्या आणि आतून वर्तमानपत्रं चिकटवलेल्या भिंती दिसतात.

त्याच सुमारास केंद्र सरकारनं ही जमीन विकत घेतली, नवी घरं बांधली आणि १९४०च्या दशकात कमी व्याजाच्या कर्जावर कुळांनाच विकली. लोक त्यांना ‘रूझवेल्ट घरं’ म्हणू लागले.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागण्याचं मोल सगळ्यांना ठाऊक आहे. इथं ते १९६५ साली दिसलं. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय, तरी त्या वर्षाच्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. नोंदणीला गेलेल्या कुळांना जमीनमालक घराबाहेर काढत. जीज बेंडच्या घरमालकांना तसं काढता येईना. कॅम्डेनला नेणारी त्यांची नाव मात्र १९६२ मध्येच बंद झाली होती. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं.

१९०० साली काउंटीत ३५ हजारांहून अधिक लोक होते. २०२० मध्ये सुमारे १०,६०० उरले. गोधड्यांसारख्या इथल्या क्विल्ट २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत झळकल्या. त्या शिवल्या गेल्या होत्या फटींतून येणाऱ्या थंडीसाठी, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून. दक्षिणेत फिरायला जाल तेव्हा वाडे जरूर बघा. पण नदी ओलांडून ही घरंही बघून या.