पहिल्या प्रकरणातले गाव

माहीमच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येकडे पाहिले की वरळीचे टोक दिसते. टोकावर काळवंडलेला छोटा किल्ला, त्याच्या अंगाला बिलगून निळ्या-पिवळ्या भिंतींची दाटीवाटीची घरे, पाण्याच्या कडेला तिरक्या कललेल्या होड्या, आणि या साऱ्यामागे पडद्यासारखे उभे केलेले पन्नास-साठ मजल्यांचे मनोरे. चित्रकाराने रचून ठेवावे इतके हे दृश्य नेटके आहे. ‘शहराच्या कडेला वसलेले टुमदार कोळी गाव’ अशा ओळी पर्यटनाच्या पुस्तिकांत आपण सर्वांनी वाचल्या आहेत आणि प्रसंगी विद्यार्थ्यांच्या निबंधांत दुरुस्तही केल्या आहेत. दुरुस्ती बहुधा शुद्धलेखनाची असते. ‘कडेला’ या शब्दाची कधी केल्याचे आम्हाला आठवत नाही.

माघातल्या एका अष्टमीला आम्ही काही अध्यापक आणि पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी वरळी कोळीवाड्यात गेलो. तिथीचा उल्लेख हौसेपोटी केलेला नाही, त्याचे कारण पुढे येईल. सकाळचे अकरा वाजले होते. गल्ल्या दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे एवढ्या रुंदीच्या. ओट्यांवर जाळी, दोरखंड, रंगीत बोये. गोल्फादेवीच्या देवळात देवीचा कौल घेण्यासाठी माणसे बसलेली होती. किल्ल्यात एक लहानसे देऊळ आहे, व्यायामशाळाही आहे. हा किल्ला काहीजण पोर्तुगीजांचा मानतात. बहुतेक पुस्तकांत तो इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधल्याचे सांगितलेले असते. बुरुजावरून माहीमचा उपसागर, पलीकडे माहीमचा किल्ला आणि वांद्र्याचे टोक एका नजरेत येते. गावात शांतता होती. आमच्यातल्या एकाने ‘काळ इथे थांबला आहे’ असे काहीतरी म्हटले. ओट्यावर सुकी म्हावरं निवडत बसलेल्या एका बाईंनी ते ऐकले आणि हसून म्हटले, “फोटो काढायचे तर पहाटे या. आता पुरुष झोपलेत.”

या एका वाक्याने आमचे चित्र उलटे टांगले. होड्या चिखलात कललेल्या होत्या, कारण ओहोटी होती. कोकणच्या या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराला. आम्ही नेमके पाणी उतरत असताना, कामाची पाळी संपल्यावर पोहोचलो होतो, आणि थकून झोपलेल्या गावाला ‘थांबलेला काळ’ म्हणत होतो. ‘टुमदार’ हे विशेषण पाहणाऱ्याचे असते आणि ते सापडते पाहणाऱ्याच्या सोयीच्या वेळी.

‘कडे’चीही गोष्ट अशीच आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या १६६१ च्या तहाने मुंबई इंग्रजांकडे गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली, तेव्हा ‘शहर’ म्हणावे असे काही नव्हते. सात बेटे होती आणि वरळी त्यांपैकी एक. बेटाला शहराची कड नसते. त्याला स्वतःचाच मध्य असतो आणि त्याची कड चहूबाजूंनी समुद्राकडे असते. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून भायखळ्यापर्यंतची सखल जमीन बुडवत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत (१७७१–१७८४) तिथे बांध घालण्याचे काम झाले. तोच हॉर्नबी वेलार्ड. बांध टिकेना, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थाला देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मगच बांध उभा राहिला, ही महालक्ष्मीची कथा सर्वांना माहीत आहे. या कथेकडे आम्ही श्रद्धेचा नव्हे, कथनाचा नमुना म्हणून पाहतो. समुद्र मागे हटवणे हे इतके मोठे कृत्य होते की त्याला देवीची संमती लागली. त्या पाण्यावर ज्यांचे पोट होते त्यांच्या संमतीचा प्रश्न मात्र कथेत कुठे येत नाही.

बांध झाला, पाणी हटले, बेटे जोडली गेली आणि वरळी गाव जागचे न हलता एका नव्या भूमीचे टोक झाले. पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, समुद्रालगतचा रस्ता आला. कड शहराने आणली; गाव तिच्यापर्यंत चालत गेलेले नाही.

हे सारे मुंबईच्या इतिहासकारांना ठाऊक नाही असे कसे म्हणावे? राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३), आचार्य-शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९), गर्सन द कुन्हा यांचा १९०० चा ग्रंथ, एडवर्ड्‌सने सिद्ध केलेले १९०९-१० चे तीन खंडी गॅझेटियर: ही परंपरा समृद्ध आहे आणि कोळी हे या बेटांचे आद्य रहिवासी, हे तिच्यात पुन्हा पुन्हा सांगितले जाते. शहराला नाव देणारी मुंबादेवी कोळ्यांची. कुलाब्याच्या नावाची व्युत्पत्तीही त्यांच्याशी जोडली जाते. पण मुंबईवरच्या पुस्तकांची ठेवण पाहावी. पहिल्या प्रकरणात कोळी येतो, त्याला आद्यत्वाचा मान मिळतो. मग पोर्तुगीज येतात, इंग्रज येतात, व्यापारी, गिरणीमालक, कामगार येतात आणि कोळी उरतो एकदा जातींच्या वर्णनात, एकदा मासळीच्या हिशेबात. ‘आद्य’ म्हणणे हा मान आहे यात शंका नाही. पण तो आजोबांच्या तसबिरीला मिळणाऱ्या मानासारखा आहे. हार दरवर्षी नवा. घराचे निर्णय मात्र तसबिरीला विचारून होत नाहीत.

एक उदाहरण आम्हाला विशेष बोलके वाटते. जंजिऱ्याच्या सिद्दीने सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईवर स्वाऱ्या केल्या. १६९२ च्या सुमारास साथीने इंग्रजांची फळी खिळखिळी झालेली असताना रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज जमवून सिद्दीला परतवले आणि कंपनीने त्याला पाटीलकी दिली, असे परंपरा सांगते. त्याच्या घराण्याने ‘पटेल’ हे नाव चालवले. रुस्तमजीचे शौर्य आम्हाला नाकारायचे नाही. पण लढलेल्या फौजेतल्या एकाही कोळ्याचे नाव या कथेत येत नाही. फौज हे सामुदायिक नाम आहे, आणि सामुदायिक नामाला पाटीलकी मिळत नसते.

मुंबईतले सगळेच कोळीवाडे वरळीइतके सुदैवी ठरले नाहीत. मुंबादेवीचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तिथून हलले. मांडवी आणि डोंगरीच्या कोळीवाड्यांचा समुद्र बंदराच्या भरावाने दूर नेला, नावे राहिली. किल्ल्याच्या बुरुजावरून जी माहीमची खाडी दिसते तिच्या आतल्या तोंडाशी धारावी आहे. गॅझेटियरने तिची गणना मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत केली आहे. खाडी बुजली, चामड्याचे कारखाने आले आणि आता धारावी म्हटल्यावर कोळीवाडा डोळ्यांसमोर येणारा वाचक विरळा. धारावीतला कोळीवाडा अजून आहे. फक्त त्याच्यासमोरचे पाणी गेले.

साहित्याच्या अभ्यासकांनी इथे स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. याच खाडीच्या काठची मराठीतली ठळक कादंबरी म्हणजे मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९). तिचे मोल आम्ही मानतो. पण तिचा विषय खाडीकाठची झोपडपट्टी आहे, शहरात येऊन पडलेली माणसे आहेत. कोळी आपल्याला भेटतो तो गाण्यात. शान्ता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते मराठी कानांत इतकी मुरली आहेत की शाळेच्या स्नेहसंमेलनात टोपी आणि वल्हे आले की पुढे काय होणार हे सभागृहाला आधीच कळते. ती गाणी सुंदर आहेत, आम्हीही ती गुणगुणतो. त्यांच्यावर आक्षेप घेणे रुक्षपणाचे होईल. आक्षेप आहे तो त्यांच्यापाशीच थांबणाऱ्या आपल्या वाचनावर. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा समाजशास्त्रीय ग्रंथ १९५९ चा आहे. तो इंग्रजीत आहे, हे आपण तो न वाचण्याचे पुरेसे कारण नव्हे.

आता पहिल्या प्रकरणातून बाहेर पडून अगदी अलीकडे यावे लागेल, कारण बुरुजावरून पाहताना डोळ्यांना जे प्रथम भिडते ते अलीकडचेच आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी उघडला. साडेपाच किलोमीटरहून अधिक लांबीचा, आठ पदरी. गावाच्या पश्चिमेचे क्षितिज त्याने आडवे कापले. त्यानंतर दक्षिणेकडून किनारी रस्ता आला. त्याला सेतूशी जोडणारा पूल जिथून जायचा होता ते पाणी म्हणजे गावच्या क्लीव्हलंड बंदरातून होड्या बाहेर पडण्याची वाट. वरळीच्या मच्छीमार सहकारी संस्था न्यायालयात गेल्या. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राची परवानगी रद्द केली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले.

यापुढचा वाद मात्र एका आकड्याचा होता. पुलाच्या खांबांमध्ये साठ मीटर अंतर नियोजित होते. कोळ्यांचे म्हणणे असे की कागदावर साठ मीटर पुरेसे दिसतात. पण पाण्याखाली खडप आहेत, वारा आणि ओढ होडीला बाजूला रेटतात, समोरून दुसरी होडी येत असते. त्यांची मागणी दोनशे मीटरची होती. बराच काळ काम अडले, बैठका झाल्या आणि अखेर २०२२ च्या शेवटी महापालिकेने मधला एक खांब वगळून एकशे वीस मीटरचे अंतर मान्य केले. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये समुद्रमार्गे आणलेल्या कमानदार तुळया तिथे बसवल्या गेल्या.

एकशे वीस मीटर हा आकडा आम्हाला मुंबईच्या इतिहासातला महत्त्वाचा मजकूर वाटतो. रस्त्याच्या उपयुक्ततेवर इथे निकाल द्यायचा नाही. तो आमचा प्रांत नव्हे. पण हॉर्नबीच्या बांधाच्या कथेत संमती फक्त देवीची लागली होती. या वेळी अभियंत्यांच्या आराखड्यात एक खांब कमी झाला, आणि तो कमी झाला होडी चालवणाऱ्यांच्या ज्ञानाने. मागितले होते त्याहून बरेच कमी मिळाले, हेही तितकेच खरे. जमिनीवरच्या शेतकऱ्याकडे निदान सातबारा असतो. समुद्राचा सातबारा नसतो; कोणत्या खडपाशी कोण शेवंड पकडतो, कोणत्या पट्ट्यात चिंबोऱ्या मिळतात, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करावेत असे म्हटले आहे. पण नकाशात घरे येतील, गल्ल्या येतील. ज्याच्यासाठी घरे तिथे आहेत ते पाणी त्या रेषेच्या बाहेरच राहते. आणि गल्ल्यांचे तरी काय? हे गावठाण की झोपडपट्टी, हा प्रश्न गावाला पुन:पुन्हा विचारला गेला आहे. मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीत सारा कोळीवाडा बंद केला गेला, तेव्हा शहराला त्याची आठवण झाली ती दाट वस्ती म्हणून. दाटी का झाली, एका बाजूने समुद्र आणि दुसरीकडून शहर असताना गाव वाढणार कुठे, हे विचारायला तेव्हा सवड नव्हती.

त्या दिवशी आम्ही परत फिरणार तोच भरती धरू लागली आणि झोपलेली गल्ली जागी झाली. जाळी खांद्यावर आली, इंजिनांचे आवाज सुरू झाले. बंदरावर एका वृद्ध नाखव्यांनी आमच्या विद्यार्थ्यांना हाताने पाणी दाखवायला सुरुवात केली: हा खडप, तो खडप, त्याच्या पलीकडचा. आम्हाला सगळीकडे सारखेच करडे पाणी दिसत होते. प्रत्येकाला नाव होते. “दादा, ही नावे कुठे लिहिलेली आहेत का?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. “लिहून कशाला?” असे म्हणून त्यांनी पुढचे नाव सांगितले.

तिने वहीत अकरा नावे उतरवून घेतली. परतीच्या बसमध्ये आम्ही ती वाचून पाहिली. त्यातली चार ऐकण्यात चुकली असावीत. एकच नाव तिने तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले होते. पुढच्या पौर्णिमेनंतर, पहाटेची ओहोटी पाहून, ती पुन्हा जाणार आहे.