इंजिनातली खटखट आणि संगणकाचा कान

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक लहान गाडी घेतली. इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, पण टर्बोचार्जर लावलेले. मागच्या दिवाळीत तो आला तो एक बेत घेऊनच. त्याच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकाला लॅपटॉप जोडतात, आतले आकडे बदलतात आणि तासाभरात गाडी परत देतात. एकही स्क्रू न फिरवता इंजिनाची ताकद म्हणे पाचव्या हिश्शाने वाढते. याला ‘ट्यून करणे’ म्हणतात. “मावशी, तू शास्त्रज्ञ ना? सांग, करू का?”

मी उलट विचारले, “नुसते आकडे बदलून ताकद वाढत असेल, तर कारखान्याने ती आधीच का दिली नाही?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही पुरते उत्तर नव्हते. ते शोधत मी शंभर वर्षे मागे गेले. वाटेत जे हाती लागले ते वर्गात सांगण्याजोगे आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

खटखट म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते, दट्ट्या ते दाबतो, मग ठिणगी पडते. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटोने बांधलेल्या चार टप्प्यांच्या इंजिनाचा क्रम आजही तोच आहे. मिश्रण पेटण्यापूर्वी जितके जास्त दाबावे तितके त्याच इंधनातून काम जास्त मिळते. आदर्श चक्राचे गणित केले, तर मूळ आकारमानाच्या चौथ्या हिश्शापर्यंत दाबल्यास ४३ टक्के उष्णतेचे काम होते. आठव्या हिश्शापर्यंत दाबल्यास ५६ टक्के. खऱ्या इंजिनाचे आकडे यापेक्षा बरेच खाली असतात, पण कल हाच.

मग दाबत का सुटू नये? कारण वायू दाबला की तापतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत सेकंदाला वीस-तीस मीटर वेगाने सिलिंडरभर पसरते. पुढे सरकताना ती उरलेल्या, न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबते आणि तापवते. हे कोपऱ्यातले मिश्रण फार तापले, तर ज्योतीची वाट न पाहता आपोआप, एकाच क्षणी भडकते. दाबाची लाट भिंतींवर आदळत राहते आणि बाहेर धातूवर हातोडी मारल्यासारखी खटखट ऐकू येते. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. थोडी असेल तर नुसता त्रास. बराच वेळ चालली तर दट्ट्याचा माथा झिजतो, वितळतो, कधी भोकही पडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या आवाजाचे कारण कुणालाच नीट माहीत नव्हते. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा स्टार्टर आणि बॅटरीवरची ठिणगी आली, तेव्हा लोकांनी खटखटीचा दोष त्या ठिणगीलाच दिला. आपल्यावरचा हा आळ काढण्यासाठी केटरिंगने कारण शोधायचे ठरवले. १९१६ मध्ये त्याच्याकडे आलेल्या थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरने दाखवून दिले की खटखट ठिणगी पडण्याआधी नव्हे, नंतर होते. दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाच्या जळण्याचा होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही त्याच सुमारास याच निष्कर्षावर आला.

लाल पानांवरून शिशाकडे

पुढची हकीकत विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. अमेरिकेत एक रानवेल आहे. तिची पाने मागून लालसर असतात आणि ती बर्फातही लवकर फुलते. लाल रंग उष्णता जास्त शोषून घेत असावा, मग इंधनच लाल केले तर ते लवकर वाफाळून नीट जळेल, असा तर्क लढवला गेला. मिजलीला लाल रंग मिळाला नाही, म्हणून त्याने रॉकेलमध्ये आयोडिन टाकले. खटखट कमी झाली! मग त्याने खरे लाल रंग आणून टाकले. काही फरक नाही. आयोडिनचे रंगहीन संयुग टाकले, तर खटखट पुन्हा कमी. तर्क चुकीचा ठरला, पण तो तपासून पाहिल्यामुळे खरी गोष्ट हाती लागली: रंगाचा संबंध नाही, रसायनाचा आहे.

आयोडिन महाग होते. पाच वर्षे एकामागून एक पदार्थ तपासल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, सापडले. गॅलनमागे तीनेक घन सेंटिमीटर पुरे होत. अल्कोहोल मिसळूनही खटखट थांबते हे मिजलीला ठाऊक होते. पण अल्कोहोल भरपूर मिसळावे लागे आणि त्याचे पेटंट कुणाला घेता येण्यासारखे नव्हते. शिशाचे संयुग थेंबभर पुरे आणि मालकी आपली. १९२३ च्या फेब्रुवारीत ते ‘एथिल’ या नावाने बाजारात आले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसे विष आहे हे रोमन काळापासून माहीत होते. स्वतः मिजलीला १९२३ मध्ये शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्याच महिन्यात मिजलीने पत्रकारांसमोर हातावर ते रसायन ओतून धोका नसल्याचे दाखवले. मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि प्रा. यँडेल हेंडरसन यांनी बजावले की प्रश्न कारखान्यापुरता नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाचा आहे. विक्री काही काळ थांबली, पण १९२६ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी ग्रॅहम एडगर यांनी ऑक्टेन मापनाची पद्धत सुचवली: खटखट सहज करणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि न करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर.

अशा रीतीने खटखटीचा प्रश्न सुटल्यासारखा झाला. प्रत्यक्षात तो इंजिनातून निघून हवेत गेला. भारतात बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. जगात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले. बेवेच्या मृत्यूंनंतर सत्त्याण्णव वर्षांनी.

टर्बो आणि बाटली

आता टर्बोकडे वळू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात पुष्कळ ऊर्जा वाया जाते. त्या झोतावर एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची. पेटंट १९०५ चे. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेतही इंजिनाने समुद्रसपाटीइतकी ताकद दिली.

हवा दीडपट कोंबली तर पेट्रोलही दीडपट जाळता येते, म्हणजे लहान इंजिन मोठ्याचे काम करते. पण कोंबलेली हवा आधीच तापलेली असते. ३०० केल्विनची हवा दीडपट दाबापर्यंत नेली, तर आदर्श स्थितीतही ती ३५-४० अंशांनी तापते. मग सिलिंडरमध्ये ती पुन्हा दाबली जाते. म्हणजे टर्बो आला की खटखटही आली.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी निघाली. तिचे संपीडन गुणोत्तर तब्बल १०.२५ होते. खटखट टाळण्यासाठी इंजिनात पाणी आणि मेथनॉल यांचे मिश्रण फवारले जाई आणि त्याची टाकी मालकाने वेळच्या वेळी भरायची असे. लोक विसरू लागले. टाकी रिकामी झाली की गाडी आपली ताकद आवरून घेई आणि तक्रारी येत. दोन वर्षांत गाडी बंद पडली. शास्त्र बरोबर होते, पण खबरदारीचे काम रोजच्या घाईतल्या माणसावर टाकले होते.

ऐकणारी पेटी

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये टर्बो गाडी दाखवली, तेव्हा सुरक्षिततेसाठी संपीडन गुणोत्तर ७.२ वर उतरवले होते. टर्बो जोर धरीपर्यंत असे इंजिन सुस्त असते आणि पेट्रोलही जास्त पिते. यातून मार्ग निघाला तो ऐकण्याचा. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ब्युइकने टर्बो इंजिनावर खटखट टिपणारा संवेदक बसवला. खटखट सुरू झाली की ठिणगी थोडी उशिरा पडे. १९८२ च्या साबमध्ये तसाच संवेदक टर्बोचा दाबच कमी करी. आता भीती उरली नाही, म्हणून गुणोत्तर ८.५ पर्यंत वाढवता आले. पेट्रोल हलके भरले तर गाडी ताकद थोडी कमी देई, मोडत मात्र नसे.

हा संवेदक म्हणजे दाबल्यावर वीज निर्माण करणारा स्फटिक. पण इंजिनात आवाजांचा बाजार भरलेला असतो. त्यात खटखट ओळखायची कशी? इथे अकरावीचे ध्वनिशास्त्र कामी येते. सिलिंडर हे गोल भांडे आहे आणि त्यातल्या वायूची कंपनसंख्या ठरलेली असते. तापलेल्या वायूतला ध्वनीचा वेग, सेकंदाला सुमारे ९५० मीटर, याला सिलिंडरच्या व्यासाने भागून ०.५८६ ने गुणावे. ७३ मिलिमीटर व्यासाला उत्तर येते साधारण ७,६०० हर्ट्‌झ. पेटी एवढीच पट्टी कान देऊन ऐकते. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या व्यासांसाठी हे गणित करायला द्यावे. भांडे अरुंद तितका सूर उंच, हे त्यांना लगेच दिसेल.

साबच्या त्या पेटीत जुळवणीसाठी बारीक फिरक्या होत्या. हौशी मालकांनी पेटी उघडून त्या फिरवायला सुरुवात केली. माझ्या भाच्याच्या बेताचे पूर्वज तेच.

तक्त्यातले आकडे

१९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिक यंत्रणेने ठिणगी आणि इंधन दोन्ही एकाच संगणकाकडे सोपवले. त्याच्या स्मृतीत पाढ्यांसारखे तक्ते असतात. आडवे इंजिनाचे फेरे, उभा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: ठिणगी किती अंश आधी, पेट्रोल किती वेळ, टर्बोचा दाब किती. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना क्रँकशाफ्टचा एक अंश म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांपैकी केवळ ५६ भाग. तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ७५ ठिणग्या पडतात, आणि प्रत्येकीसाठी तक्ता पाहिला जातो.

ट्यून करणे म्हणजे हे आकडे बदलणे. पूर्वी त्यासाठी चिप काढून दुसरी बसवत, आता तारेने नवे आकडे भरतात. साध्या इंजिनात याने फारसे हाती लागत नाही, कारण हवा तेवढीच राहते. टर्बो इंजिनात दाबाचा आकडा वाढवला की हवाच वाढते. सुझुकीने १९८७ मध्ये जपानात काढलेली आल्टो वर्क्स पाहा: ५४३ घन सेंटिमीटरच्या टर्बो इंजिनातून ६४ अश्वशक्ती. आपल्या ओळखीची पहिली मारुती ८०० इंजिनाने मोठी, ७९६ घन सेंटिमीटरची, पण अश्वशक्ती सुमारे ३९!

हे आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, हाही धोकाच आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की फोक्सवॅगनच्या टर्बो डिझेल गाड्यांतले संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते धूर नियंत्रणात ठेवत. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड अमेरिकी मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जात होते. जगभरात अशा गाड्या सुमारे १ कोटी १० लाख होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या रस्त्यावर नेऊन मोजले, म्हणून हे बाहेर आले.

उरलेली जागा

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. कारखान्याने ताकद दडवून ठेवलेली नसते; राखून ठेवलेली असते. मे महिन्यातला घाट, गाडीत पाच माणसे, एसी चालू, आडगावच्या पंपावरचे पेट्रोल, आठ वर्षे वापरलेले इंजिन, या सगळ्यांसाठी तक्त्यात जागा सोडलेली असते. ट्यून करणारा ती जागा विकतो. संवेदक असतोच की, असे कुणी म्हणेल. पण लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर फार भार आला, तर कधी कधी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटते. सिलिंडरमध्ये शिरलेला तेलाचा एखादा थेंबही त्याला पुरतो. ही खटखट संवेदकाला ऐकू येते तोवर उशीर झालेला असतो. ठिणगी मागे घेऊन ती थांबत नाही, आणि थोड्याच फेऱ्यांत दट्ट्या फुटू शकतो.

ट्यून करणे नेहमीच वाईट, असे मी म्हणत नाही. कोणते पेट्रोल, कोणते तापमान गृहीत धरले हे सांगणारा आणि बदलानंतर धूर मोजून दाखवणारा जाणकार असेल, तर तेही अभियांत्रिकीच आहे. मी भाच्याला तीनच प्रश्न लिहून दिले: किती ऑक्टेनचे पेट्रोल धरले आहे? हवा तापली तर दाब कमी होतो का? बदलानंतर धूर मोजाल का?

आठवड्याने त्याचा फोन आला. “मावशी, तो म्हणाला, शंभर गाड्या केल्यात, काही होत नाही.”

“मग?”

“मी गाडी तशीच परत आणली. त्या शंभर गाड्या आता कशा आहेत, हे त्याला सांगता येईना.”